शरभाला खांदे किती?

शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या माणसाने सोसायटीत ती गोष्ट बोलू नये. माझी आई बोलली. तेव्हापासून लालबागच्या आमच्या बिल्डिंगमधले 'पाणी जपून वापरा'पासून गणपतीच्या पडद्यापर्यंत सगळे ब्रश माझ्या गळ्यात. यंदा बॉक्स क्रिकेटच्या टीमला टी-शर्टवर शरभ हवा होता, म्हणजे किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेलं ते सिंहासारखं काल्पनिक जनावर.

"सोप्पंय रे," कॅप्टन म्हणाला. "सिंह काढ, चोच लाव, पंख चिकटव."

चिकटव कुठे? पक्ष्याचे पंख हे मुळात त्याचे हातच. म्हणजे चार पाय असलेल्या जनावराला वर पंख द्यायचे तर खांद्यांची आणखी एक जोडी आली. ती पुढच्या खांद्यांमागे बसवली की पाठीला कुबड येतं, पुढे सरकवली की मान गायब. शिवाय उडायचं तर छातीत पक्ष्यासारखं उभं हाड हवं आणि त्यावर भरगच्च स्नायू. ते काढले की सिंह जिममधून आल्यासारखा दिसतो.

थोरांनी काय केलं ते पाहिलं. शरभाचा युरोपातला चुलतभाऊ ग्रिफिन, पुढून गरुड, मागून सिंह. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या राजवाड्यात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना ग्रिफिन रंगवलेत, त्यांना पंखच नाहीत! तो चित्रकारही कुठल्यातरी सोसायटीचा असणार. आपल्याकडच्या किल्ल्यांवरही काही शरभांना पंख आहेत, काहींना नाहीत. जंजिऱ्याच्या दरवाजावरच्या जनावराने तर पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेत. कारागीर हुशार. हत्ती दिसला की सांध्याकडे बघतो कोण?

मॉडेल म्हणून सिंह हवा होता. सीएसएमटीच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सकाळी ऑफिसला जाताना स्केचसाठी थांबलो, आयाळीपर्यंत पोचलो आणि मागच्या गर्दीने मला उचलून थेट सबवेत सोडलं. मग सिंहाऐवजी मासळीबाजारातलं मांजर धरलं आणि गरुडाऐवजी पाण्याच्या टाकीवरची घार. मांजर मॉडेल म्हणून उत्तम, बांगडा संपेपर्यंत. घार मान वळवून माझ्याकडे अशी बघायची, जणू मेंटेनन्स थकलाय.

चित्र जिन्यात लावलं. सेक्रेटरीकाकांनी चष्मा वर केला. "कोंबडी का काढलीस?"

"कोंबडी कसली, काका? मांजर आहे," दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "गोडंय हो! पण पाठीवर छत्री कशाला?"

गरुडाला बाहेर दिसणारे कान नसतात, पण ग्रिफिनला टोकदार कान काढायची जुनी पद्धत. म्हटलं, कानांनी तरी ओळख पटेल. लावले. खालची पोरं ओरडली, "घुबड! घुबड!" आता छातीवर घुबड घेऊन बॅटिंगला कोण उतरणार? कान खोडले.

शेवटी टी-शर्ट छापणाऱ्याकडे गेलो. "एवढी बारीक पिसं येणार नाहीत, साहेब. काळं भरून देतो." ज्या सांध्यासाठी मी झोप घालवली, तो त्याने एका क्लिकमध्ये अंधारात ढकलला. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

पहिल्या मॅचला समोरची टीम म्हणाली, "आले रे वटवाघूळ!" आपले पोरगे चिडून खेळले आणि जिंकले. त्यामुळे कॅप्टन माझ्यावर खूश आहे. पुढच्या वर्षी हेच ठेवायचं म्हणतो, फक्त पायाखाली एक हत्ती हवा.