नाव ‘रेयांश’, गोत्र व्हॉट्सअ‍ॅप

नागपुरात कोणाकडे बारसं ठरलं की घरच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. मावशी पाठवते, दहा मिनिटांनी तोच काका पाठवतात. मजकूर असा: ‘रेयांश. शुद्ध वैदिक नाव. अर्थ: सूर्याचा पहिला किरण, तसेच भगवान विष्णूंचा अंश. विष्णुसहस्रनामात उल्लेख. अत्यंत दुर्मीळ, लाखात एकाचं. तूळ राशीला शुभ. नामांक ९. जन्मदाखल्यासाठी २१ दिवसांच्या आत नाव नक्की करा. पुढे पाठवा.’

नाव कानाला गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याला चिकटवलेल्या वंशावळीबद्दल आहे. सात-आठ छोट्या वाक्यांत जेवढं खोटं बसवता येईल तेवढं बसवलंय, आणि एक गोष्ट चुकून खरीही आलीय.

आधी ‘शुद्ध वैदिक’ आणि अर्थ. शिव अधिक अंश शिवांश, देव अधिक अंश देवांश, रुद्र अधिक अंश रुद्रांश. हे दहावीला संस्कृत घेतलेल्या पोराला झोपेतही सांगता येईल. याच हिशेबानं रेयांश फोडला तर ‘रेय’ अधिक ‘अंश’ होतो. आता हा ‘रेय’ कोण? आपट्यांचा १८९० चा संस्कृत कोश बघा, मोनिअर-विल्यम्सचा १८९९ चा बघा. दोन्ही आता कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. सूर्य, किरण किंवा विष्णू या अर्थाचा ‘रेय’ तिथे सापडत नाही. रवीचा अंश म्हणायचा असेल तर अति अधिक अंत जसं अत्यंत होतं तसं रवि अधिक अंश ‘रव्यंश’ होईल. हरीचा अंश ‘हर्यंश’. पहिला तुकडा नुसता ‘रे’ धरला, तर ने अधिक अन याचं ‘नयन’ होतं त्या चालीनं ‘रयंश’ मिळेल. कुठूनही गेलं तरी रेयांशला पोचायची वाट नाही.

आणि किरण? संस्कृतात किरणाला ‘अंशु’ म्हणतात, ‘अंश’ म्हणजे वाटा, भाग. शेवटचा उकार गळाला की किरणाचा वाटा होतो, पण मजकूर लिहिणाऱ्यानं दोन्ही अर्थ एकाच नावात कोंबले. ‘तसेच’ या शब्दाकडे लक्ष द्या: पहिला किरण ‘तसेच’ विष्णूचा अंश. एका नावाचे दोन वेगळे अर्थ सांगितले जातात तेव्हा बहुतेक वेळा सांगणाऱ्याला एकाचीही खात्री नसते. माझा अंदाज विचाराल तर पहिल्या अक्षरातला किरण इंग्रजी शाळेतून आलाय. तिथे किरणाला ‘रे’ म्हणतात, आणि पुढे ‘अंश’ जोडला की झालं वैदिक.

न्यायानं एक गोष्ट मान्य करायला हवी. नावाचा उत्तरार्ध खरोखर वैदिक आहे, तोही मजकुराला माहीत नसलेल्या कारणानं. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या सत्ताविसाव्या सूक्तात पहिल्याच ऋचेत आदित्यांची नावं येतात: मित्र, अर्यमा, भग, वरुण, दक्ष आणि अंश. म्हणजे नुसता ‘अंश’ हा स्वतःच एक आदित्य, एक देव. कोणाला खरंच वैदिक नाव हवं असेल तर रेयांशमधला ‘रेय’ काढून टाका, काम झालं. गंमत म्हणजे ‘अंशु’ हा शब्द ऋग्वेदात मुख्यतः सोमवल्लीच्या देठासाठी येतो, किरण हा अर्थ नंतर रूढ झाला. इतकं खोलात कोण जातं म्हणा. पण रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे, नागपूरहून तासाभराचा रस्ता. ‘शुद्ध वैदिक’ असा शिक्का मारण्याआधी तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारायला काय जातं?

आता विष्णुसहस्रनाम. हा दावा सगळ्यांत धीट आहे, कारण तपासायला सगळ्यांत सोपा आहे. सहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे, भीष्म युधिष्ठिराला सांगतात. कित्येक घरांत आजी रोज संध्याकाळी म्हणते, अर्ध्या तासाच्या आत होतं. हजार नावांत रेयांश नाही. पण जरा थांबून ऐकलं तर मजकुराला जे हवं होतं ते सगळं तिथे आहे. ‘मन्त्रश्चन्द्रांशुर्भास्करद्युतिः’ यात चंद्रांशु आहे. ‘अविज्ञाता सहस्रांशुर्विधाता’ यात सहस्रांशु, म्हणजे हजार किरणांचा. पुढे एका ओळीत रवि, विरोचन, सूर्य, सविता असे ओळीनं बसलेत. आणि सहस्रनाम नको, गीता चालेल म्हणत असाल तर दहाव्या अध्यायातला एकविसावा श्लोक घ्या: ‘आदित्यानामहं विष्णुर्ज्योतिषां रविरंशुमान्’. विष्णू, रवी आणि किरणवाला अंशुमान, तिघं एका ओळीत. अंशुमान हा पुराणातही आहे, सगराचा नातू, भगीरथाचा आजा. आपल्या पिढीला वर्गात एक तरी अंशुमान भेटलाय, म्हणून ते नाव आता ‘युनिक’ वाटत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

तूळ राशीचं मात्र खरं आहे. अवकहडा चक्रात प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं दिलेली असतात, सत्तावीस नक्षत्रांची मिळून १०८. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. दुसरं चरण ‘रे’चं, आणि स्वाती पूर्ण तूळ राशीत. रेयांशच्या भरभराटीचं एक मोठं कारण इथे दडलंय असं मला वाटतं. पंडितजी कागदावर ‘रे’ लिहून देतात आणि घरचे हैराण होतात, कारण मुलीसाठी रेवती, रेणुका, रेखा अशी रांग आहे, मुलासाठी मात्र डोकं खाजवावं लागतं. त्या रिकाम्या जागी रेयांश येऊन बसला.

पण त्या जागेवर बसण्याचा हक्क ज्याचा होता त्याला कोणी विचारलं नाही. रेवंत. मार्कंडेय पुराणात सूर्याचं तेज सोसेना म्हणून त्याची बायको संज्ञा घोडीचं रूप घेऊन उत्तरकुरू देशात जाते, सूर्य घोडा होऊन मागे जातो, आणि त्यातून दोघे अश्विनीकुमार आणि तिसरा रेवंत जन्मतात. रेवंत घोड्यावर स्वार, गुह्यकांचा, म्हणजे यक्षांसारख्या उपदेवांचा अधिपती. त्याच्या मध्ययुगीन मूर्ती राजस्थान, गुजरात, बिहार, बंगालकडे सापडतात, बहुतेक शिकारीच्या प्रसंगातल्या. ‘रे’ अक्षर आहे, सूर्याशी नातं थेट बापलेकाचं आहे, नाव जुनं आहे आणि महाराष्ट्रात खरोखर विरळ आहे. शेजारच्या तेलंगणात तेवढं विरळ नाही, तिथले मुख्यमंत्रीच रेवंत रेड्डी आहेत. पण नागपूरच्या वर्गात दुसरा रेवंत सापडायला वेळ लागेल.

आणि अक्षराचंही एवढं मनावर घेऊ नका. याच चक्रात आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आहे, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. ङ वरून नाव ठेवलेला माणूस तुम्ही पाहिलाय काय? नाही, कारण तिथे गुरुजी गुपचूप दुसरं अक्षर सुचवतात. आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाकेचं नाव वेगळं, ही सोय केव्हाची आहे.

दुर्मीळपणाबद्दल जास्त लिहायची गरज नाही. हजारो ग्रुपांवर फिरणारा मजकूर ‘हे नाव कोणाचंच नाही’ म्हणतो, यातच सगळं आलं. तरी ‘लाखात एक’ हा आकडा कुठून आला असेल? अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं खातं १८८० पासूनच्या बाळांच्या नावांची यादी देतं, वर्षात किमान पाच बाळांना ठेवलेलं नाव त्यात येतं. इंग्लंड-वेल्समध्येही अशी सरकारी यादी निघते. आपल्याकडे जन्मांची नोंद होते, जन्मांचे आकडे छापले जातात, पण कोणतं नाव किती बाळांना ठेवलं याची देशभराची सरकारी यादी दरवर्षी निघत नाही. म्हणजे लाखात एक की हजारात दहा, हे सांगायला मजकूरवाल्याकडे काहीच नाही. मनीषनगर किंवा धरमपेठेतल्या एखाद्या नर्सरीच्या फाटकाशी सुटीच्या वेळी ‘रेयांश’ म्हणून हाक मारून बघा, काय ते कळेल. खरं दुर्मीळ नाव हवं असेल तर तिथेच ‘सोमाजी’ किंवा ‘शेषराव’ म्हणून हाक मारा. बाहेर उभे असलेले एक-दोन आजोबा वळतील, बाळ एकही नाही.

नामांक ९ चा हिशेब तर करमणूक आहे. नाव म्हणे वैदिक, पण बेरीज इंग्रजी स्पेलिंगची. आर, ई, वाय, ए, एन, एस, एच. पायथागोरसच्या नावावर चालणाऱ्या पद्धतीत ९, ५, ७, १, ५, १, ८, बेरीज ३६, म्हणजे ९. त्याच धंद्यातल्या खाल्डियन पद्धतीत २, ५, १, १, ५, ३, ५, बेरीज २२, म्हणजे ४. एकच पोरगा एका टेबलावर ९ आणि शेजारच्या टेबलावर ४. मग तिसरा सांगतो, एक ‘ए’ वाढवा.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: नावाला संस्कृत गोत्र नसेल तर नाव हलकं. नागपुरात राहून हे मानायचं म्हणजे जरा जास्तच झालं. हे शहर वसवणाऱ्या देवगडच्या गोंड राजाचं नाव बख्त बुलंद, फारसी, म्हणजे थोर नशिबाचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या पिढ्यांत घरोघरी राहुल, नागसेन, मिलिंद आले. यातला मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा. पाली ग्रंथात नागसेन भिक्खूला प्रश्न विचारताना त्याच्या नावाचं मिलिंद झालं. (संस्कृतात भुंग्यालाही मिलिंद म्हणतात, तो वेगळा.) ग्रीक नाव पालीतून उत्तर नागपूरच्या गल्लीत आलं आणि कोणालाही परकं वाटलं नाही. रेयांशही तसाच रुळेल. वर्गातली पोरं ‘काऊन बे रेया’ म्हणायला लागली की तो नागपूरचा झाला. त्यासाठी वेदाचं खोटं सर्टिफिकेट कशाला?

राहिले ते २१ दिवस. यापायी मात्र लोक खरंच घाईत नाव ठरवतात. २१ दिवसांची मुदत जन्माची वर्दी देण्यासाठी आहे, नावासाठी नाही. नावाशिवाय जन्माची नोंद होते. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हो, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे शाळेपर्यंत ताणू नका. पण एकदा दाखल्यावर चढलेलं नाव बदलणं म्हणजे राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. तेव्हा महापालिकेच्या झोन ऑफिसात जाण्याआधी रेयांश की रियांश, आणि इंग्रजीत ‘ए’ एक की दोन, हे आईबाप आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून एकदाचं ठरवा आणि मराठी-इंग्रजी दोन्ही कागदावर लिहून न्या.