बारा वर्षांत वाढलेलं गवत

‘‘हा तोच गेम ना रे?’’ बायकोने मागून विचारलं.

मी त्या वेळी एका सायक्लॉप्सच्या मानगुटीवर लटकून त्याच्या एकुलत्या एका डोळ्यापर्यंत पोहोचायच्या खटपटीत होतो. ‘‘नाही, हा दुसरा भाग. तो २०१२ चा, हा २०२४ चा.’’

‘‘तेव्हाही तू लटकलेलाच असायचास.’’

‘ड्रॅगन्स डॉग्मा’ या व्हिडिओ गेमबद्दल हे एवढं अचूक समीक्षण माझ्या वाचनात नाही. दोन्ही भागांत ड्रॅगन नायकाचं काळीज काढून नेतो आणि नायक त्याच्या मागे पायपीट करतो. दिग्दर्शकही तोच, हिदेआकी इत्सुनो. त्यात दुसऱ्या भागाच्या पहिल्या पडद्यावर ‘२’ हा आकडाच छापलेला नाही. बायकोच्या ते चटकन लक्षात आलं. तेव्हापासून फरक सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली.

सुरुवात पॉनपासून केली. पॉन म्हणजे सोबत चालणारी प्यादी. एक आपण घडवायचं, दोन इतर खेळाडूंची भाड्याने आणायची. पहिल्या भागातल्या प्याद्यांना ‘लांडगे कळपाने शिकार करतात’ हे ज्ञान पोटात ठेवता येत नसे. तिसरा लांडगा माझ्या पोटरीला लागलेला असे आणि हे मागून शिकवणी घेत. दुसऱ्या भागातली प्यादी खरोखर उपयोगी. ‘माझ्या धन्याला इथे पेटी सापडली होती’ म्हणतात आणि तिथवर घेऊनही जातात. फक्त सूर असा, की शेजाऱ्याच्या मुलाला किती मार्क पडले ते सांगताहेत.

मग ओझं. दोन्हीकडे नायकाची शरीरयष्टी मोठी, तर वाहण्याची ताकद जास्त. म्हणून मी दोन्ही वेळा मुद्दाम आडदांड नायक घडवला आणि दोन्ही वेळा त्याच्या पिशवीत कधीतरी लागेल म्हणून घेतलेलं मांस सडलं. दुसऱ्या भागात मुक्कामाचा तंबूही पाठीवर आला. त्यात मार खाल्ला की आयुष्याची पट्टी आखूड होत जाते, ती बहुधा झोपल्यावरच पूर्ववत होते. हे मला नको होतं. माझ्या गुडघ्यांचं रोज तेच चाललेलं असतं.

प्रवासाचं तर विचारूच नका. पहिल्या भागाच्या २०१३ च्या सुधारित आवृत्तीत एक न संपणारा फेरीस्टोन मिळायचा. फेकला की खुणेच्या ठरावीक स्थळी क्षणात हजर. दुसऱ्या भागाने तो काढून घेतला आणि बदल्यात बैलगाडी दिली. मी मोठ्या विश्वासाने गाडीत डुलकी काढली. वाटेत ग्रिफिन हा पंखवाला राक्षस आला, गाडीचे तुकडे झाले, उरलेला रस्ता पायी.

‘‘पण निसर्ग बघ,’’ मी शेवटचं अस्त्र काढलं. वारा सुटला होता, डोंगरउतार हिरवागार हलत होता.

‘‘म्हणजे बारा वर्षांत गवत वाढलं.’’

मी काही बोललो नाही. तशात माझं प्यादं हल्ली ऐकेनासं झालं होतं. हुकूम दिला की उलट उत्तर, मधूनच डोकं धरून कण्हणं, डोळ्यांत लालसर झाक. मी म्हटलं, तब्येत बरी नसेल. तासभर खपून त्याचं नाक घडवलं होतं, म्हणून लळाही होता. त्याला घेऊन शहरातल्या सराईत झोपलो.

सकाळी उठलो तर शहरात चिटपाखरू नाही. त्याला ड्रॅगनप्लेग झाला होता; रात्रीत त्याने व्यापारी, पहारेकरी, कालपर्यंत मला कामं देणारी माणसं, सगळी मारून टाकली. सराईत झोपताच सेव्हवर शिक्कामोर्तब झालेलं, मागे जायची सोय नाही. मी रिकाम्या चौकात कंट्रोलर धरून बसलो.

बायको चहा घेऊन आली, पडद्याकडे बघत थांबली.

‘‘हे पहिल्या भागात होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आहे की फरक,’’ ती म्हणाली आणि पहिल्यांदाच शेजारी बसली.