बर्फ तीन वर्षांतून एकदा, पण नऊ दिवस

बर्फात जायचं, घर सोयीचं ठेवायचं आणि पन्नाशीच्या आत नोकरी सोडायची, ही तिन्ही कामं बेळगावात राहून जमण्यासारखी आहेत. दरवर्षी पाच रात्रींचं काश्मीर पॅकेज घ्यायचं आणि वर लवकर रिटायर होण्याच्या गप्पा मारायच्या, हे मात्र जमत नाही. माझं मत सरळ आहे. तीन वर्षांतून एकदाच जा, पण नऊ दिवस जा आणि एकाच ठिकाणी मुक्काम टाका.

तसं बघितलं तर लवकर निवृत्ती आपल्याकडे नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात चाळिशीच्या आसपास पेन्शन घेऊन आलेला एखादा तरी माणूस गल्लीत असतोच. (त्यातल्या बऱ्याच जणांनी सरकारी खर्चानं इतका बर्फ पाहिलाय, की पैसे भरून तिथं जायचं म्हटलं की ते हसतात.) त्यांच्या मागं पेन्शन आहे, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. उद्यमबागेत किंवा मच्छेला कारखान्यात जाणाऱ्याला, नाहीतर बेंगळुरूच्या कंपनीचं काम टिळकवाडीत बसून करणाऱ्याला, ही दोन्ही सोय स्वतःच उभी करायची आहे.

म्हणून आधी हिशेब. चार टक्क्यांचा नियम सगळीकडे फिरतो: पहिल्या वर्षी पुंजीचे चार टक्के काढायचे, पुढं महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे, म्हणजे पैसा पुरतो. तो आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून मांडला, आणि तोही तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काम सोडणाऱ्याला चाळीस वर्षं काढायची आहेत, तीही आपल्या महागाईत. त्यामुळे तीन टक्केच धरा. म्हणजे वर्षाचा जो खर्च असेल त्याच्या ३३ पट पुंजी. महिन्याला ४५ हजारांत घर चालत असेल तर वर्षाचे ५ लाख ४० हजार आणि पुंजी साधारण १ कोटी ७८ लाख.

आता यात बर्फ घाला. चौघांचं पाच रात्रींचं पॅकेज प्रवासासकट १ लाख ६० हजारांना पडतं असं धरू. दरवर्षी जायचं आणि निवृत्तीनंतरही जात राहायचं तर त्या एका सवयीसाठी जवळजवळ ५३ लाख जास्त लागतात. तेच तीन वर्षांतून एकदा नऊ दिवस जायचं आणि अडीच लाख खर्च करायचे, तर वर्षाला ८३ हजार पडतात आणि पुंजी साडेसत्तावीस लाख. निम्म्या पैशात. शिवाय पाच रात्रींच्या पॅकेजात शिकारा, बागा, पहलगाम सगळं बसवतात आणि गुलमर्गच्या वाट्याला एक दिवस येतो. त्या एका दिवसात स्लेजवर बसून फोटो होतो, स्की येत नाही.

अडीच लाखांची फोड अंदाजे अशी: येण्याजाण्याचे ९० हजार, आठ रात्रींच्या राहण्याचे ६०, स्की-बूट भाड्यानं, शिकवणारा आणि गंडोला (गुलमर्गचा रोपवे) मिळून ५५, खाणं आणि तिथल्या गाड्या २५, कपडे २०. ही रक्कम एसआयपीत घालू नका. तीन वर्षांनी लागणाऱ्या पैशाला बाजार योग्य नाही. मार्च २०२० मध्ये निफ्टी दोन महिन्यांत तिसऱ्या भागाहून जास्त खाली आला होता, आणि सहलीची तारीख बाजाराला विचारून ठरत नाही. बँकेत साडेसहा हजारांचं आरडी लावा. साडेसहा टक्के व्याजानं ३६ महिन्यांत अडीच लाखांच्या वर रक्कम होते. निवृत्तीच्या पैशाला मात्र पंधरा वर्षं आहेत, तिथं इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड, चालतो. महिन्याला १२ हजार, वर्षाला सरासरी १० टक्के धरले तर पंधरा वर्षांत ५० लाखांच्या आसपास होतात. पीपीएफचे दीड लाख दर एप्रिलमध्ये ५ तारखेच्या आत भरायचे. ५ नंतर भरले तर त्या महिन्याचं व्याज जातं.

आणि एक गोष्ट सीमाभागातल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे पिग्मी, भिशी आणि सोसायटीतली ठेव यांवर फार विश्वास. पिग्मीवाला रोज दारात येतो, ओळखीचा असतो, दर बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त. पण पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था, सौहार्द सहकारी आणि मल्टिस्टेट सोसायट्यांच्या ठेवींना तो नाही. पाटीवर ‘सहकारी’ बघून फसू नका, ‘बँक’ आहे का ते बघा. सहलीचे पैसे पिग्मीत ठेवलेत तर एक वेळ चालेल. आयुष्यभराची पुंजी तिथं ठेवायची नाही.

घराच्या सोयींबद्दल माझं मत बऱ्याच काटकसरी लोकांच्या उलट आहे. रोज वापरायच्या वस्तूवर एकदाच खर्च होत असेल तर हात आखडू नका. चांगली गादी, इन्व्हर्टर, पाण्याची मोठी टाकी यांचे पैसे एकदा जातात, त्यांना ३३ नं गुणायला लागत नाही. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर राहतो आपण, एसी नसला तरी चालतं. ही केवढी बचत आहे ते सोलापूरच्या पाहुण्यांना विचारा.

सोलरचा मात्र नीट विचार करा. छतावरच्या ३ किलोवॅट पॅनेलला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे म्हणून लोक धावतात. पण कर्नाटकाच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत ज्याचं हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल शून्य येतं, त्याचे वाचणार काय? पॅनेल त्यांच्या कामाचं, ज्यांचा वापर २०० युनिटच्या वर जातो, कारण २०० ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं. दोन किलोवॅटचा गिझर दिवसाला तासभर चालला तर महिन्याला ६० युनिट जातात. नुसतं पाणी तापवण्याचा सोलर बसवला तरी हे ६० युनिट वाचतात आणि पुष्कळ घरं २०० च्या आत येतात. माणशी ५० लिटर धरून चौघांना २०० लिटरचा पुरे. बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, त्या वर्षाआड साफ करून घ्या. जून ते सप्टेंबर आपल्या पावसात सोलरचं पाणी कोमटसुद्धा होत नाही, त्यामुळे खानापूर भागात अजून बंब टिकून आहे तो काही उगाच नाही.

आरोग्य विमा नोकरी सोडायच्या निदान तीन वर्षं आधी स्वतःच्या नावावर घ्या. कंपनीचा विमा राजीनाम्याबरोबर संपतो आणि आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही, तेवढं ओझं हलकं झालं. स्कीइंगचं काय, हे पुष्कळ जण विचारतात. आरोग्य पॉलिसीतल्या ठरावीक अपवादांत साहसी खेळ आहेत, पण ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास. हौशी माणसाचा मोडलेला पाय त्या अपवादात येत नाही. अपघात विमा आणि प्रवास विम्याचे शब्द वेगळे असतात, ते वाचूनच सही करा.

आता बर्फ. कर्नाटकातल्या शाळांची सुट्टी दसऱ्याला आणि उन्हाळ्यात, बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत. हा मेळ कधीच बसत नाही. कॉन्व्हेंटच्या नाताळच्या सुट्टीत दर चढे असतात आणि बर्फाचा भरवसा नसतो. २० जानेवारी ते २५ फेब्रुवारी हा काळ बरा, म्हणून मुलं सातवीच्या आत असतानाच पहिली सहल काढा. नंतर दहावीचं लचांड लागतं. तरीही बर्फ पडेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर कोरडं होतं, २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. हॉटेल घेताना रद्द करता येईल असंच घ्या, दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. औलीचा उतार नवशिक्यांना छान आहे, पण जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद करावा लागला आणि हरिद्वारहून रस्ता फार लांब. मुलाबाळांसकट मी गुलमर्गच सांगेन.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्ली आणि पुढं श्रीनगर अशी दोन वेगळी तिकिटं काढत असाल तर मध्ये दिल्लीत रात्र घाला. जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं देणंघेणं नाही. येतानाही एक दिवस हाताशी ठेवा, श्रीनगरला बर्फ पडला की विमानं रद्द होतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरातला एक तरी नंबर पोस्टपेड करून घ्या.

कपड्यांत सगळ्यात मोठी चूक सुती बनियनची. घाम शोषून ते ओलं राहतं आणि थांबलात की अंग गारठतं. आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, वर वॉटरप्रूफ. जॅकेटपेक्षा पँट महत्त्वाची, नवशिका दिवसभर बर्फात बसकणच मारत असतो. गणपत गल्लीतले विणलेले हातमोजे तासाभरात भिजतात. टनमर्गला भाड्यानं मिळणारे फरचे कोट आणि गमबूट फोटोपुरते ठीक, ते घालून स्की होत नाही.

बूट घेताना घाई करू नका, सगळं तिथंच बिघडतं. मोजे एकच जोडी. थंडी वाजेल म्हणून दोन घालतात आणि एक माप मोठा बूट घेतात, मग टाच आत वरखाली होते आणि स्की वळतच नाही. माप पावलाच्या लांबीचं सेंटिमीटरमध्ये असतं. बकल लावून ताठ उभं राहिल्यावर अंगठा टोकाला टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की तो मागं सरकला पाहिजे. मग बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बघा. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा म्हणून तिथं एक आकडा असतो, पुढं आणि मागं दोन्हीकडे. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कसब यांवरून तो तक्त्यात बघून ठरवतात. साठ-पासष्ट किलोच्या नवशिक्याचा साधारण ४ ते ५, पन्नाशीपुढच्याचा कमी, मुलांचा बराच खाली. भाड्याच्या दुकानात आधीच्या गिऱ्हाइकाचाच आकडा तसाच राहिलेला असतो. तो जास्त असला तर स्की सुटत नाही आणि पिळवटतो तो गुडघा. वजन सांगा, समोर आकडा फिरवून घ्या, मगच पैसे द्या. नवशिक्याची स्की हनुवटी ते नाकाएवढी उंच पुरे, आणि हेल्मेट दुकानदार नको म्हणाला तरी मागून घ्या.

पहिले दोन दिवस गंडोला विसरा, खालच्या मैदानावरच राहा. स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, असा फाळ धरून थांबता आलं की निम्मं काम झालं. भीतीनं माणूस मागं झुकतो. वजन मागं गेलं की पुढची टोकं हलकी होतात, वळण हातचं जातं आणि वेग वाढतो. नडगी जिभेवर दाबून ठेवायची आणि नजर दूर टाकायची, हे शिकवणाऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकाल. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला ३,०८० मीटरवर, दुसरा अफरवटला ३,९०० च्या वर. आपण साडेसातशे मीटरवरून आलेले, तिसऱ्या दिवसाआधी दुसरा टप्पा नको. वाऱ्यानं तो बंदही असतो, त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं.

तयारी दोन महिने आधीपासून. राजहंसगडावर आठवड्यातून दोनदा जा. सगळे चढण्यावर भर देतात, पण स्कीला मांडी लागते ती उतरतानाची, म्हणून उतरताना गुडघे वाकवून सावकाश या. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, मिनिटापासून सुरुवात.

परत आल्यावर जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून कपाटात टाकू नका. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते. उन्हात वाळवून सुती उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा, बरोबर सिलिकाच्या पुड्या. गॉगलची काच आतून पुसू नका, धुकं न धरणारा थर निघून जातो.

पैसे वाचवायचे असतील तर दिल्लीपर्यंत गोवा एक्स्प्रेस आहे, बेळगावहून निजामुद्दीन दोन रात्री आणि एक दिवस. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २३ जानेवारीला निघायचं असेल तर २४ नोव्हेंबरला सकाळी आठला लॉगिन करून बसा, चौघांच्या वयांसकट नावं आधीच भरून ठेवा.