पहिल्या रांगेतली शांतता

गणपती तोंडावर आले की पोलीस ठाण्यातून फोन येतो, "उद्या चारला शांतता कमिटीची मीटिंग आहे, साहेबांनी बोलावलंय." हा फोन तुम्हाला येत नसेल तर तुम्ही अजून प्रतिष्ठित झालेला नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. मीही जन्मतः प्रतिष्ठित नव्हतो. आता मात्र अकरा वर्षं आमच्या गावच्या शांतता समितीवर आहे, आणि या अकरा वर्षांत शांततेसाठी मी नेमकं काय केलं, असं मला एकदाही कुणी विचारलेलं नाही. तेव्हा अनुभवाचे चार बोल सांगतो, घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खुर्ची. मीटिंग चारची असली तरी साहेब बंदोबस्तात असतात, सुरू होते साडेपाचला. तरी तुम्ही पावणेचारलाच जा. पहिल्या रांगेत हाताच्या खुर्च्या असतात आणि त्या मोजून सात. दुसऱ्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष आणि मशिदीचे ट्रस्टी. तिसरीत पत्रकार, पण ते फोटोच्या वेळी कुठूनही पुढे येतात. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, ती पोरं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यांच्या खिशात 'गडबड करू नका' अशी पोलिसांनी बजावलेली, नुकतीच घडी घातलेली नोटीस असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून तिला एकशे एकोणपन्नासची नोटीस म्हणत. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम १६८ झालं, पण पोरं अजून एकशे एकोणपन्नासच म्हणतात, आणि नोटीस बजावणारा हवालदारही. या पोरांशी बोलायला जाऊ नका. कुणाची कुणाशी कशावरून जुंपलीय, मागच्या वर्षी मिरवणूक चौकात चाळीस मिनिटं का अडली, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अशी माहिती कानावर पडली की भाषण बिघडतं.

भाषण सोपं आहे. "आपल्या शहराला सलोख्याची फार मोठी परंपरा आहे" इथून उचलायचं, दर्ग्याच्या उरुसाला वळसा घालायचा आणि तिसऱ्या वाक्याला शीरखुर्म्यावर यायचं. शीरखुर्मा कुणाच्या घरी खाल्ला, असं कुणी विचारत नाही. मी अकरा वर्षं फक्त भाषणातच खातोय, गोड लागतो. त्यानंतर "दोन्ही समाजांनी" हा शब्द आला पाहिजे. गावात समाज पंचवीस-तीस असतील, पण माईकसमोर दोनच. शेवटी, गडबड झालीच तर ती "बाहेरची पोरं" करतात, हे ठासून सांगायचं.

या बाहेरच्या पोरांबद्दल मला खरंच कुतूहल आहे. आमच्या गावात गडबड झाली तेव्हा ती बाहेरची होती. शेजारच्या तालुक्यात झाली तेव्हा तिथल्या समितीनंही बाहेरचीच सांगितली. म्हणजे कुठेतरी 'बाहेर' नावाचं एक गाव असणार, तिथे सगळी पोरंच राहत असणार, आणि त्यांना आई-बाप, शाळा, तालीम, मंडळ, वॉर्डाचा नगरसेवक यातलं काही नसणार. तिथे शांतता समिती आहे का, हे मात्र कुणी पाहिलेलं नाही.

भाषणं संपली की खरी मीटिंग सुरू होते. म्हणजे मिरवणुकीच्या वाटेवरचे खड्डे, लोंबणाऱ्या तारा, बंद पडलेले दिवे आणि डीजेचा आवाज. यावर तासभर रण माजतं. सलोख्यावर कुणी भांडत नाही, कारण त्यावर सगळ्यांचं एकमत असतं. मग कागदी कपातला चहा, ग्रुप फोटो. बचत गटाच्या एखाद्या ताईंना फोटोपुरतं पुढे बोलवा. मीटिंगचा निरोप त्यांना मिळालेला नसतो, पण त्या ठाण्यात काहीतरी कामाला आलेल्याच असतात.

आता काही वाईट उदाहरणं सांगतो, म्हणजे तुमच्या हातून तसं घडणार नाही.

भिवंडीचंच घ्या. यंत्रमागांचं गाव. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलं, त्यावर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, १९८४ ला पुन्हा पेटलं. १९८८ मध्ये तिथे सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त आले आणि त्यांनी आमच्या पोटावरच पाय दिला. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या केल्या आणि त्यांत प्रतिष्ठितांना विचारलंच नाही! त्याच गल्लीत राहणारी साधी माणसं घेतली, दोन्हीकडची सारख्या संख्येनं, आणि त्यांच्यात बसायला त्या भागाचा पोलीस. ही माणसं सणावारीच भेटायची असंही नाही, एरवीही भेटायची. नळावरची भांडणं, पोराटोरांच्या कुरापती, असले विषय. ना शाल, ना श्रीफळ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा ९०० दिला. आणि मुंबईच्या उशाशी असलेल्या, दोनदा जळालेल्या भिवंडीत दंगल झाली नाही.

आता मला सांगा, यात पेपरवाल्यांनी छापायचं काय? 'भिवंडीत काल रात्री काहीही घडले नाही' ही काय बातमी आहे? फोटो कशाचा काढणार, चालू असलेल्या मागांचा?

मुंबईला तरी शहाणपण असावं. तर तिथेही १९९४ मध्ये मोहल्ला कमिटी चळवळ निघाली. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त झालेले पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी मोठी माणसं त्यात. इतकी मोठी माणसं असताना एक भव्य परिषद भरवून विषय संपवता आला असता. तसं न करता ही मंडळी वस्त्यांमधून हिंडत बसली आणि शांततेसाठी पोरांचे क्रिकेटचे सामने भरवू लागली. धारावीत तर भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी कहरच केला. वकारभाईंचा कपड्यांचा धंदा. त्यांनी चार धर्मांच्या वेशातल्या चार लहान मुलांचा फोटो काढून घेतला, 'हम सब एक हैं' म्हणून पोस्टर छापलं आणि ते भिंतीभिंतींवर गेलं. पोस्टरवर स्वतःचा फोटो नाही, हात जोडलेला नाही, खाली 'शुभेच्छुक' म्हणून वीस नावंही नाहीत. आमच्या चौकात असं पोस्टर लावलं तर लोक विचारतील, कोण उभं राहतंय?

मराठी माणसानं ध्यानात ठेवावं असं आणखी एक उदाहरण अहमदाबादचं. १ जुलै १९४६, रथयात्रेच्या दिवशीची दंगल. वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र जमाव थोपवायला म्हणून चालत त्यात गेले. दोघंही परतले नाहीत. त्यांनी आधी बैठक लावली असती, ठराव केला असता, तर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोघांची नावं इतिवृत्तात आली असती आणि दोघं संध्याकाळी घरी गेले असते. मी तसंच करतो.

सगळ्यात जास्त चीड मला सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीची येते. तिथे पावसात मूर्ती भिजायला लागली, तेव्हा शेजारचे मुसलमान म्हणाले, मशिदीत आणा. आणली. १९८० पासून तर दरवर्षी गणपती मशिदीतच बसतो. मी फाईल मागवली असती तर विचारलं असतं, कुणाच्या परवानगीनं? कोणत्या बैठकीत विषय निघाला? प्रमुख पाहुणे कोण होते? उत्तर एकच, पाऊस आला होता. अशानं समित्यांची गरजच उरणार नाही.

सरकारला याची जाण आहे. म्हणून १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधींच्या नावानं तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटवा आणि बक्षीस न्या. कल्पना मला मनापासून आवडली, कारण त्यात अध्यक्षपद होतं. त्या पदासाठी ग्रामसभेत खुर्च्या उडाल्याच्या, डोकी फुटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा माझी खात्री पटली की मोहीम तळागाळात पोचली.

मधूनमधून लोक समितीला न विचारता परस्पर शहाणपणा करतात, त्याचाही बंदोबस्त हवा. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. आम्ही हादरलो, सलग चार बैठकांचं काम दिसत होतं. तेवढ्यात मुंबईसह अनेक शहरांत मुस्लिम समाजानं आपला जुलूस पुढे ढकलला, सरकारनंही ईदची सुट्टी २९ ला केली. विषय एका निर्णयात खलास. अशा वेळी घाबरून जायचं नाही. 'समितीच्या अथक प्रयत्नांना यश' असं पत्रक तासाभरात काढायचं. तारीख तेवढी बरोबर टाका, माझी एकदा चुकली होती.

आता मोबाईल. समितीचा ग्रुप काढा, त्यावर रोज सकाळी सुविचार आणि कबुतर. एखादा भडक व्हिडिओ आला तर तो पुसू नका. "हे खरं आहे का?" असं वर लिहून आणखी आठ ग्रुपांवर पाठवा. त्याला अफवा पसरवणं म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तिथेही मोबाईलवरून आधी बऱ्याच जणांनी चौकशीच केली होती.

आणि एक पथ्य कायम पाळा. पलीकडच्या आळीतल्या एकाही माणसाचा नंबर मोबाईलमध्ये ठेवू नका. बांधव म्हणा, भाषणात मिठी मारा, पण नंबर नको. का ते सांगतो.

गेल्या गणपतीत सातव्या दिवशी रात्री साडेअकराला ग्रुपवर आलं, 'मंडपावर दगड मारला.' पत्र्यावर धाडकन आवाज झालेला शंभर लोकांनी ऐकला होता. मी लगेच उठलो, चष्मा लावला आणि निषेधाचं पत्रक लिहायला बसलो. 'या भ्याड कृत्याचा आम्ही' इथपर्यंत झरझर आलं. पुढे 'तीव्र' लिहावं की 'जाहीर', यावर अडलो.

तिकडे मंडळाच्या खजिनदाराच्या मोबाईलमध्ये पलीकडच्या आळीतल्या बेकरीवाल्या चाचांचा नंबर होता. दोघं कितीतरी वर्षं एकाच भिशीत. चाचांनीच आधी फोन केला.

"दगड तू बघितलास का?"

"नाही, आवाज झाला."

"मग वर कोण चढलंय?"

"कुणीच नाही."

"थांब, शिडी आणतो."

बेकरीची भट्टी तेव्हा लागलेली. चाचा कोपरापर्यंत मैद्यानं माखलेले, तसेच शिडी खांद्यावर घेऊन आले, मागे भट्टीवरचा पोऱ्या. मंडपाजवळ तीसेक पोरं जमली होती आणि दोन-तिघांच्या हातात मखराच्या उरलेल्या बांबूचे तुकडे होते. शिडी बघून ती बाजूला झाली. चाचांनी शिडी धरली, खजिनदार मोबाईलचा दिवा लावून वर चढला. पत्र्यावर थोडा वेळ नुसती खुडबुड. मग वरून ओरडला, "अरे नारळ आहे! वाड्यातल्या माडाचा!" खालून कुणीतरी विचारलं, "पाडला का पडला?" कुणीतरी हसलं. दुसऱ्यानं वर मान करून माडाकडे पाहिलं, अजून दोन लटकत होते. चाचांनी पोऱ्याला पाठवून खारीचा ट्रे मागवला, मंडळानं चहा टाकला. त्यानंतर चाचा आणि वाड्याचा मालक यांचं मात्र चांगलं जुंपलं, माड कधी उतरवणार यावरून.

माझं पत्रक बारा वाजून दहा मिनिटांनी तयार झालं. तोवर ग्रुपवर खारीचे फोटो आले होते. मी 'निषेध' खोडून 'अभिनंदन' केलं आणि पाठवून दिलं. एवढ्या लवकर मजकूर फिरवायला सराव लागतो.

पुढच्या बैठकीत शांतता राखल्याबद्दल समितीच्या ज्येष्ठ सदस्यांचा सत्कार झाला. मला शाल मिळाली आणि श्रीफळ. खजिनदार दाराशी उभा होता, चाचाही आले होते, पण सातही खुर्च्या भरल्या होत्या आणि चाचांची पावाची भट्टी लागायची होती, थोडं थांबून गेले. जाताना म्हणाले, त्या रात्री शिडीची वरून तिसरी पायरी मोडली, समितीकडून काही होतंय का बघा. मी विषय मांडला. चर्चा सविस्तर झाली. शिडीसाठी तरतूद नसल्यानं तो विषय पुढच्या गणपतीपर्यंत राखून ठेवलाय.