ग्लँड टपकलीच पाहिजे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पंपाचा शाफ्ट बाहेर येतो तिथल्या बॉक्समध्ये पाणी अडवायला दोरी (पॅकिंग) भरतात, आणि ग्लँड नावाचं झाकण नटांनी आवळून ती दाबतात. त्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. मिनिटाला 40 ते 60 थेंब पडू द्या हा सल्ला जुनाट आहे, ग्लँड आवळून गळती पूर्ण थांबवता येते. दोरीच्या रिंगा कापत बसण्यापेक्षा ती सलग गुंडाळली तरी चालते. आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा मेकॅनिकल सील, म्हणजे दोरीऐवजी एकमेकांवर फिरणाऱ्या दोन सपाट चकत्या, लावून मोकळं व्हावं.

गळती पूर्ण थांबवता येते, हे खरंच. पण थांबवल्यावर आत काय होतं ते बघा. शाफ्टवर चढवलेल्या, त्याच्यासोबत फिरणाऱ्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, दोरी दाबलेली असते. त्या घर्षणाची उष्णता हेच टपकणारं पाणी बाहेर नेतं, आणि दोघांमधलं वंगणही तेच. ते बंद केलं की दोरीतलं वंगण जळतं, दोरी कडक होते आणि स्लीव्ह खायला लागते. टेफ्लॉनच्या दोरीत हे आणखी लवकर होतं, कारण टेफ्लॉनमधून उष्णता सहज बाहेर पडत नाही आणि तापल्यावर ते फुगतं. ग्लँडला हात न लावताही पकड वाढत जाते. ग्राफाइटची दोरी त्या मानाने सोसते. आता पाण्याचा हिशेब: साधारण 20 थेंबांचा 1 मिली धरला तर 60 थेंब म्हणजे मिनिटाला 3 मिली, दिवसाला साडेचार लिटरच्या आत. तेवढ्यासाठी स्लीव्हचा बळी द्यायचा का, तुम्हीच ठरवा.

तुम्ही लिहिलंय, "दर दोन-तीन आठवड्यांनी आवळतो, मग काही दिवस बरं चालतं." माझ्या मते तुमचा खरा आजार या वाक्यात आहे. पंप बंद आणि लॉक करा, दाब उतरवा, दोरी काढा, स्लीव्ह पुसून घ्या आणि अंगठ्याचं नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ओढा. नख अडकलं तिथे चर पडलाय. आवळल्यावर दोरी काही दिवस त्या चरात दाबून बसते, झिजते, आणि गळती परत सुरू. एमरी पेपर मारून हे सुटत नाही. व्यास कमी होतो आणि गोलाई बिघडते ती वेगळीच. स्लीव्ह बदला, किंवा कठीण थर देऊन ग्राइंड करून घ्या. फिनिश 0.8 मायक्रॉन आरए (पृष्ठभागाच्या सरासरी खडबडीतपणाचं माप) किंवा त्याहून चांगलं हवं.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. पाणी दोरी आणि स्लीव्हच्या मधून येतंय, की स्लीव्ह आणि शाफ्टच्या मधून? दोरी काढण्याआधी, पंप थांबलेला पण पाण्याने भरलेला असताना, सगळं कोरडं पुसा आणि टॉर्च लावून स्लीव्हचं बाहेरचं टोक बघा. तिथून पाझरत असेल तर स्लीव्हखालची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेली. मग ग्लँड कितीही आवळा, ती गळती थांबणार नाही, फक्त दोरी जळेल.

सलग गुंडाळण्याबद्दल थोडक्यात: अशी दोरी बॉक्समध्ये सपाट बसत नाही, आणि वेढ्यांच्या कडेने पाण्याला आयती वाट मिळते. बॉक्सचा व्यास वजा स्लीव्हचा व्यास, भागिले दोन, ही दोरीची जाडी; बॉक्स 75 मिमी आणि स्लीव्ह 50 मिमी असेल तर साडेबारा मिमी. स्लीव्हच्याच मापाच्या दांड्यावर गुंडाळून रिंगा कापा. प्रत्येक रिंग वेगळी ठोकून बसवा, सांधे 90 अंशांनी फिरवत जा. तळातल्या जुन्या रिंगा आत राहू देऊ नका. लँटर्न रिंग (दोरीच्या रिंगांमध्ये बसणारी भोकांची कडी) फ्लशच्या, म्हणजे बाहेरून पाणी सोडायच्या, भोकासमोर हवी, पण बसवताना किंचित ग्लँडकडे ठेवा, कारण आवळल्यावर ती आत सरकते. नट आधी हातानेच. पंप सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं मोकळं वाहू द्या, मग दोन्ही नट आळीपाळीने एकेक पैलू, आणि दर वेळी पुन्हा दहा-पंधरा मिनिटं थांबा. आवळल्यावर ग्लँड तापू लागली तर लगेच सैल करा.

मेकॅनिकल सीलबद्दल तुमचं निम्मं पटलं. विषारी, ज्वालाग्राही किंवा महागडा द्रव असेल तर दोरीचा विचारच नको. लेखात हे लिहायचं राहिलं, ती चूक माझी. पण सीलच्या दोन फेसमधली, म्हणजे त्या चकत्यांच्या घासणाऱ्या तोंडांमधली, द्रवाची फिल्म जेमतेम मायक्रॉनभर असते. शाफ्टचा रनआउट (फिरताना मध्यापासून डगमगणं) 0.05 मिमीच्या वर गेला, बेअरिंग सैल असलं किंवा पंप निम्म्या डिस्चार्जवर रेटला जात असला, तर दोरी महिनोन्‌महिने निभावते. सील मात्र तेवढं सोसत नाही. पंप कोरडा चालला तर काही क्षणांत फेस तडकतात. बसवताना फेसला बोट लावायचं नाही, आणि ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगला खनिज तेलाचं ग्रीस तर अजिबात नाही, ती फुगते. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा. कार्ट्रिज सील (आधीच जुळवून येणारं) असेल तर शाफ्टवरचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) आवळल्यावरच त्याचे भाग जागी धरणाऱ्या सेटिंग क्लिपा काढायच्या, आणि पंप सुरू करण्याआधी त्या निघाल्यात ना हे तपासायचं.

म्हणून सील मागवण्याआधी डायल गेज लावून रनआउट मोजा, शाफ्ट पुढे-मागे ढकलून एंड प्ले, म्हणजे तो लांबीच्या दिशेने किती हलतो, तेही बघा. ते आकडे, आणि पाणी स्लीव्हच्या वरून येतं की खालून, एवढं कळवलंत तर पुढचं बोलता येईल.