मिलिमीटरच्या आतले अंतर आणि लेसर सेन्सरचा सोपा सल्ला

गोव्यात विज्ञान प्रदर्शनांचे आणि अभियांत्रिकीच्या प्रकल्पांचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय असा: लहान अंतर मोजायचे तर लेसर सेन्सर घ्यावा, कारण तो मिलिमीटरपर्यंत अचूक असतो, तो परवडत नसेल तर ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर घेऊन पुष्कळ वाचनांची सरासरी काढावी, आणखी सूक्ष्म हवे असेल तर सेन्सरच्या व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारे २४ बिटांचे मॉड्यूल जोडावे, आणि त्याहूनही कमी अंतरासाठी लाखांची यंत्रे लागतात, तेव्हा तो नाद सोडावा. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही. चिऱ्यांच्या जुन्या घराच्या भिंतीला गेलेली भेग पावसाळ्यात किती रुंदावते, हे मोजण्याचा प्रकल्प समोर ठेवून ते तपासता येतील. अशा प्रकल्पात ०.१ मि.मी.चा बदल दिसला नाही, तर सेन्सर लावूनही हाती काही येत नाही.

पहिला मुद्दा लेसरचा. प्रकल्पांत सर्रास वापरला जाणारा व्हीएल५३एल०एक्स हा सेन्सर प्रकाश जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजतो, आणि १ मि.मी. अंतरासाठी हा वेळ जेमतेम ६.७ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग) भरतो. इतका सूक्ष्म काळ प्रकाशाच्या एका स्पंदातून कळणे शक्य नसल्याने तो असंख्य स्पंदांच्या गोळाबेरजेतून उत्तर काढतो आणि ते १ मि.मी.च्या पायऱ्यांनी देतो. पायरी १ मि.मी.ची आहे, म्हणून उत्तरही तितकेच खरे आहे, असे मात्र होत नाही. लक्ष्य जागचे हलले नाही तरी आकडा काही मिलिमीटर मागेपुढे होतो आणि पृष्ठभागाचा रंग किंवा पुढे लावलेली काच बदलली की आणखी सरकतो. शिवाय लेसर म्हटल्यावर जो बारीक ठिपका मनात येतो, तो इथे नसतोच. या सेन्सरच्या दृष्टिक्षेत्राचा कोन सुमारे २५ अंशांचा असल्याने ५ सें.मी. अंतरावर तो साधारण २२ मि.मी. व्यासाचे वर्तुळ पाहतो. लक्ष्य १ सें.मी. रुंदीचे असेल, तर त्याच्या मागचा पृष्ठभागही त्याच उत्तरात मिसळतो. रोबोटसमोरची भिंत दीड मीटरवर आहे की पाऊण मीटरवर, हे सांगायला तो उत्तम आहे. भेगेसाठी तो निरुपयोगी आहे.

अल्ट्रासॉनिकबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. एचसी-एसआर०४ हा सेन्सर २ सें.मी.च्या आत काही पाहतच नाही, आणि ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबीच ८.६ मि.मी. असते. सरासरीने इकडेतिकडे उडणारे आकडे शांत होतात, पण एकाच दिशेने झुकलेली चूक तशीच राहते: हवा १० अंशांनी तापली तर १० सें.मी.चे वाचन सुमारे पावणेदोन मिलिमीटरने बदलते, मग वाचने पन्नास घ्या नाहीतर पाच हजार.

२४ बिटांचा मोह अधिक फसवा आहे. अशा मॉड्यूलवर असणाऱ्या एचएक्स७११ या चिपची सर्वांत लहान पायरी अडीच नॅनोव्होल्टच्या आसपास येते, तर तिचा स्वतःचा गोंगाट सुमारे ५० नॅनोव्होल्टचा असतो; म्हणजे शेवटचे चार-पाच बिट निव्वळ गोंगाटच मोजत असतात. त्यातून ही चिप स्ट्रेन गेजच्या (ताण पडला की रोध बदलणाऱ्या पट्ट्यांच्या) ब्रिज मंडलासाठी बनवलेली आहे, आणि ज्या सेन्सरला मुळातच बदल जाणवत नाही त्याला ती दृष्टी देऊ शकत नाही.

राहिला लाखांचा प्रश्न, आणि खरा मतभेद इथेच आहे. जाडी मोजायचा सरकत्या जबड्याचा साधा डिजिटल कॅलिपर ०.०१ मि.मी.ची पायरी दाखवतो. अनेक स्वस्त कॅलिपरना माहिती बाहेर काढण्याची जागाही असते. तिथली पातळी दीड व्होल्टची असल्याने आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडताना मध्ये एक ट्रान्झिस्टर घालावा लागतो, इतकेच. मात्र त्याचे वाचन धारकतेवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) चालते आणि पट्टीवर ओल धरली की आकडे उड्या मारू लागतात, म्हणून जून ते सप्टेंबर गोव्यातल्या भिंतीवर तो उघडा ठेवणे व्यर्थ आहे.

त्या भिंतीसाठी माझी पसंती ४९ई या रेषीय हॉल सेन्सरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरला आहे. भेगेच्या एका बाजूला सेन्सर आणि दुसऱ्या बाजूला ६ मि.मी. व्यासाचा, ३ मि.मी. जाडीचा निओडायमियम चुंबक समोरासमोर चिकटवला, तर ५ मि.मी. अंतराच्या आसपास दर ०.१ मि.मी.ला अंदाजे २५ मिलिव्होल्टचा फरक पडावा, असे गणित सांगते. आर्डुइनो उनोची १० बिटांची पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असल्याने ०.०२ मि.मी.पर्यंतचा बदल तिला दिसतो. वेगळे मॉड्यूल लागत नाही. ओलीचा चुंबकीय क्षेत्रावर परिणाम होत नाही. सेन्सरच्या पायांवर आणि त्यांच्या सोल्डरच्या टाक्यांवर लाखेचा किंवा इपॉक्सीचा थर चढवला की झाले. तापमान मात्र सोडत नाही: या चुंबकाचे बळ दर अंशाला सुमारे ०.१२ टक्क्याने घटते, म्हणजे १० अंशांच्या फरकाने ०.०३ मि.मी.ची खोटी हालचाल दिसू शकते, म्हणून शेजारी तापमानाचा सेन्सर हवाच.

अंतर आणि व्होल्टेज यांचे नाते सरळ रेषेचे नसल्याने कोणत्या अंतराला किती व्होल्टेज, याचा तक्ता आधीच बनवावा लागतो, आणि त्यासाठीही महागडे काही लागत नाही. दुचाकीचे टॅपेट जुळवायला मेकॅनिक जे फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ धातूच्या पानांचा जो संच वापरतात, ते म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात सहज मिळते. सेन्सर आणि चुंबक दोन ठोकळ्यांवर बसवून, मध्ये एकेक पान सरकवत व्होल्टेज टिपून घ्यावे, आणि हे काम भिंतीवर काही चिकटवण्यापूर्वी, त्याच सेन्सर-चुंबकाच्या जोडीवर करावे, कारण दुसऱ्या चुंबकाला तोच तक्ता लागू पडत नाही.