काका, वाड्याला कौलं होती

नमस्कार काका,

प्रतिक्रियेखाली तुम्ही 'जुना पेठकर' एवढंच लिहिलंय, पण शनिवार पेठेतल्या वाड्याचं वर्णन वाचून काका म्हणावंसं वाटलं. दुसरं मांजर घरात आणण्याबद्दलचा माझा लेख वाचून बाणेरच्या तुमच्या मुलीने नवं पिल्लू आतल्या खोलीत ठेवलं. ते रात्रभर दाराशी रडतं आणि तुम्हाला ते बघवत नाही. तुम्ही लिहिलंत, "हा छळ आहे. आमच्याकडे सात मांजरं एका परातीत जेवायची. कुणी कुणाची ओळख करून दिली नव्हती. दोन दिवस भांडायची, मग आपापलं ठरवायची. फारच झालं तर एक फटका. हे सगळे फ्लॅटमधले चोचले."

पिल्लाच्या रडण्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि चूक माझ्या लेखाची आहे. त्याकडे येतेच, पण आधी वाड्याबद्दल बोलू दे.

वाड्यात भांडणं मिटायची, असं तुम्हाला आठवतं. मला वाटतं, हरलेलं मांजर उठून जायचं. कौलांवरून शेजारच्या वाड्यात, तिथून मागच्या बोळात, चार दिवसांनी परत, किंवा परत नाहीच. एखादं दिसेनासं झालं की घरचे 'गेलं असेल कुठेतरी' म्हणायचे, आणि ते खरंच गेलेलं असायचं. मांजराला भांडण संपवायचा हाच एक रस्ता नीट येतो, लांब जाणं. त्यांचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. उंदीर एकाच्याच पोटापुरता, त्यामुळे वाटून खाणं नाही आणि भांडल्यावर समेट करायची फारशी गरजही नाही. कुत्रा जसं नमतं घेऊन विषय संपवतो, तशी देहबोली मांजराकडे जवळजवळ नाही. परातीचंही तेच. भूक आहे आणि अन्न एकाच जागी आहे, म्हणून ती शेजारी बसतात. त्यावरून मैत्री आहे असं धरता येत नाही.

आणि तुमच्या त्या सात जणी बहुधा एकाच आजीच्या लेकी-नाती असणार. माद्यांचा असा गोतावळा मांजरांत खरोखर असतो, त्या एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. बोके तेवढे येऊन-जाऊन. बाणेरच्या बंद फ्लॅटमध्ये थोरली मांजर आणि बाहेरून आणलेलं पिल्लू यांच्यात नातं नाही आणि पळायला कौलंही नाहीत.

काका, मीही आधी तुमच्यासारखंच केलं होतं. आमची मांजर ठमी नऊ वर्षांची असताना कर्वेनगरच्या घरात बंड्या नावाचा बोका आला, आठ महिन्यांचा. ठरवू देत त्यांचं त्यांना, म्हणून सोडून दिलं. दोन दिवस फिस्कारणं झालं, मग घर शांत. मला वाटलं, जमलं.

एका दुपारी ओट्यापाशी उभी राहून मी नुसतं बघत होते. बंड्या पॅसेजच्या तोंडाशी आडवा पडला होता, डोळे अर्धे मिटलेले, फक्त शेपटीचं टोक हलत होतं. ठमी सोफ्यावरून उतरली, चार पावलं आली आणि थांबली. त्याने मान वळवून तिच्याकडे रोखून पाहिलं. आवाज नाही, पंजा नाही. ती मागे फिरून सोफ्याखाली गेली. पॅसेजच्या पलीकडे ड्राय बाल्कनी होती आणि तिथेच एका रांगेत तिन्ही लिटर ट्रे, म्हणजे मांजरांच्या शी-शूचे ट्रे. पाऊण तासात ती तीनदा निघाली आणि तीनदा परतली. त्या संध्याकाळी सासूबाईंच्या गोधडीवर तिने लघवी केली, चमचाभर, गुलाबी झाक असलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जंतुसंसर्ग नाही, ताणाने मूत्राशयाला सूज आली आहे. किती दिवस ती अशी कळ काढत होती कोण जाणे. मला ते आजही लागतं.

इथे एक महत्त्वाचं. हीच सूज बोक्याला आली तर त्याची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि काहीच होत नाही असं दिसलं, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका.

तेव्हापासून मी मारामारीपेक्षा शांततेवर जास्त लक्ष ठेवते. कोण वाटेत बसतं, कोण कपाटावरून खालीच येत नाही, कोण घाईघाईने चार घास खाऊन पळतं. आम्ही ट्रे वेगळे केले. एका रांगेतले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच, कारण एकाच जागी बसून तिन्ही अडवता येतात. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत. सुताराकडून सोफ्यापासून शोकेसवर आणि तिथून माळ्यापर्यंत फळ्या मारून घेतल्या, दोन्ही बाजूंनी उतरता येईल अशा. ठमीला परत कौलं मिळाली म्हणा ना.

फटक्याचं मात्र मला अजिबात पटत नाही. ठमी समोर असताना बंड्याला मार बसला, तर त्याच्या लेखी दुखणं ठमीमुळे आलं. पुढच्या वेळी तो तिला बघूनच बिथरेल. राग दुसऱ्यावर निघणं तर त्यांच्यात नेहमीचंच आहे. गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला, किंवा समोरच्या कठड्यावर बाहेरचा बोका येऊन बसला, की बंड्या वळून ठमीवर झेपावायचा. खिडकीच्या खालच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलं तेव्हा ते बरंच थांबलं. आणि खरंच जुंपली तर मध्ये हात घालू नका, एखादी उशी किंवा पुठ्ठा सरकवा. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजसाठी लगेच डॉक्टर गाठायचा.

एवढं सगळं करूनही जमेलच असं नाही. २०२१ मध्ये चिंगी नावाची तिसरी मांजर आम्ही सिंहगड रोडच्या मैत्रिणीला दिली. आमच्याकडे असताना ती माळ्यावरच राहायची. तिथे एकटी आहे, दारात आडवी झोपते. तिला पाठवताना मी खूप रडले, तरी तो निर्णय बरोबर होता.

आता पिल्लू. लेखात मी 'तीन आठवडे वेगळ्या खोलीत' असं छातीठोक लिहिलं, ते चुकलं. आमच्या दोघांना चार महिने लागले होते, काहींचं आठवड्यात जमतं. त्याहून मोठी चूक म्हणजे, खोली कशासाठी ते लिहिलं आणि पिल्लाला तिथे सोबत हवी हे लिहायचं राहून गेलं. दोन महिन्यांचं पिल्लू आई-भावंडांच्या उबेतून उठून येतं. रात्री रिकाम्या खोलीत ते रडणारच. खोली ठेवावीच लागेल. बाहेरून आलेल्या पिल्लाकडून थोरलीला आजार लागू शकतो आणि तिलाही आपला मुलूख हातचा गेला असं वाटायला नको. पण पिल्लाने तिथे एकटं राहावं असं मुळीच नाही.

तेव्हा तुम्ही मुलीकडे मुक्कामाला असाल तर आज रात्री तुमची गादी त्या खोलीत टाका. अंगावरचा पंचा त्याच्याजवळ ठेवा, ते त्यात शिरून झोपेल. डॉक्टरांनी पिल्लाला तपासून ठीक आहे म्हटलेलं असेल, तर सकाळी तोच पंचा थोरलीच्या ताटलीपासून हातभर अंतरावर ठेवा. हुंगून जेवली तर उद्या वीतभर जवळ. फिस्कारली तर रागावू नका, पंचा लांब सरकवा आणि तिला जेवू दे. दार उघडायचं नंतर बघू. दोन-चार दिवसांनी काय झालं ते इथेच लिहा, मी वाट बघते.